खोड कुणाच्या हाती

संध्याकाळी घरी जायच्या आधी प्रत्येकाने कैलास सरांच्या टेबलाशी उभं राहायचं, हा आमच्या ऑफिसातला नियम मी कामाला लागले त्याच्याही आधीचा. बसायचं नाही, उभंच राहायचं. दिवसभरात प्रोग्रॅममध्ये काय बदललं आणि का बदललं, ते तोंडाने सांगायचं. ‘काय’ सगळेच घडाघडा सांगत. ‘का’ म्हटलं की निम्म्यांची बोबडी वळायची. सरांचं समाधान झालं तर ते तुमचं काम स्वतःच्या हाताने खोडात घेत. नाही झालं तर ‘उद्या या’ म्हणत आणि चष्मा पुसायला घेत.

खोड म्हणजे काय, ते सांगते. आमची कंपनी बोईसरच्या एमआयडीसीत, एका गाळ्याच्या माडीवर. कारखान्यांतल्या मशीनचे कंट्रोल पॅनेल आम्ही बनवतो. एक पेटी, तिच्यावर स्क्रीन आणि बटणं, आणि आत मशीनला चालवणारा प्रोग्रॅम. हा प्रोग्रॅम आम्ही पाच-सहा जण एकाच वेळी लिहीत असतो. त्यामुळे त्याची एक मुख्य प्रत असते, तिला सगळं जग ट्रंक म्हणायचं आणि सर खोड म्हणायचे. खोडातून फांदी काढायची, म्हणजे आपल्यापुरती एक प्रत घ्यायची. तिच्यावर काम करायचं, आणि काम पुरं झालं की ती पुन्हा खोडात मिळवायची, म्हणजे मर्ज करायची. कारखान्यातल्या मशीनमध्ये जातं ते फक्त खोडातलं.

“खऱ्या झाडाची फांदी खोडात परत जात नाही,” सर म्हणायचे. “आपलं झाड उलटं आहे. म्हणून त्याला माळी लागतो.” माळी कोण, हे विचारायची सोय नव्हती.

मला त्या नियमाचा मनापासून राग यायचा. माझं तोंड मुळातच फटकळ. नवी होते तेव्हा एकदा सरळ म्हणाले होते, “सर, जगात कुठेही असं उभं करत नाहीत. बटण दाबलं की मर्ज होतं.”

“बटण दाबता येतं म्हणून दाबायचं का, ज्ञानेश्वरी?” सर शांतपणे म्हणाले. “त्या मशीनजवळ कुणीतरी हात घालून उभं असतं. त्याला तू ‘का’ सांगू शकतेस का, एवढंच मी बघतो.” आणि मला ‘उद्या या’ केलं. तो आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

सर आणि आमचे मालक मारुतीराव, दोघे मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी एकाच कारखान्यात चाकरीला म्हणून इकडे आले, एकाच खोलीत राहिले आणि मग दोघांनी मिळून हा धंदा उभा केला. मारुतीराव गिऱ्हाईक आणायचे, सर खोड सांभाळायचे. मारुतीरावांना प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नाही आणि सरांना गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही. त्यामुळे दोघांचं कधी भांडण झालं नाही.

मग सरांच्या हातून चुका व्हायला लागल्या. एका संध्याकाळी आमच्यातल्या जितेशची फांदी खोडात घेतल्यावर त्यांनी तिच्यावर एक जुनी, कधीच बंद केलेली फांदी घेतली. दुसऱ्या दिवशी एका कारखान्यातली मशीनं सकाळपासून बंद. आम्ही धावपळ करून सावरलं, आणि माणसाकडून होतं एखाद्या वेळी, असं म्हटलं. पण ते पुन्हा झालं. टेबलाशी उभं राहून मी ‘का’ सांगून संपवलं की सर पहिल्यापासून विचारायचे, “हं, काय बदललंस?” मुंबईच्या डॉक्टरांनी त्या आजाराला एक नाव दिलं. नाव कळल्याने काही बरं होत नाही, फक्त माणसं हळू आवाजात बोलायला लागतात.

मारुतीरावांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. “कैलासला आता घरी बसवायला पाहिजे,” एवढं म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. आम्ही बाहेर आलो.

दोन दिवसांनी पुष्पलता वहिनी, सरांच्या पत्नी, पालघरहून ऑफिसात आल्या. सरांना रक्त तपासायला भाच्याबरोबर पाठवून आल्या होत्या. मारुतीरावांसमोर न बसता त्या माझ्या टेबलाशी बसल्या.

“रविवारीसुद्धा डबा मागतात गं,” त्या म्हणाल्या. “नाही दिला तर दाराशी उभे राहतात, चपला घालून. त्यांना काम देऊ नका हवं तर. पण कामावर येऊ द्या. घरात बसले तर ते राहणार नाहीत.”

तोडगा मी काढला, आणि तो मला आजही पूर्ण चुकीचा वाटत नाही. दुसरं काय करणार होतो आम्ही, ते कुणीतरी मला सांगावं. जुनं खोड होतं तिथेच, त्याच नावाने राहू दिलं. त्याच्यातून मी एक नवी फांदी काढली, तिला ‘मेन’ असं नाव दिलं आणि सरांचा सोडून सगळ्यांचे कॉम्प्युटर तिच्याकडे वळवले. यापुढे मशीनमध्ये जायचं ते ‘मेन’मधलं. म्हणजे फांदीचं खोड झालं आणि खोडाची एक वाळकी फांदी. सर खाली जेवायला गेले होते तेवढ्यात झालं हे. वर आले तेव्हा त्यांच्या स्क्रीनवर एक अक्षरही बदललेलं नव्हतं. ते खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि कामाला लागले.

संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे त्यांच्या टेबलाशी उभे राहिलो. खरं मर्ज दुपारीच झालेलं असायचं. तीच फांदी पुन्हा सरांसमोर ठेवायची आणि काय नि का ते सांगायचं. गंमत म्हणजे आता सगळे छान सांगायला लागले. ज्या जितेशला ‘का’ म्हटलं की घाम फुटायचा, तो हातवारे करून सांगायचा. काही पणाला लागलेलं नसलं की माणूस चांगलं बोलतो. सर खूश होते. “मुलं शिकली,” ते मारुतीरावांना म्हणाले, आणि मारुतीराव “तूच शिकवलंस” म्हणून जिना उतरून गेले.

आमचं सगळं त्यांच्याकडे जात होतं. त्यांच्याकडून आमच्याकडे काही यायचं असेल, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

औषधाच्या बाटल्यांना झाकणं लावणारं एक मशीन आमच्या पॅनेलवर चालतं. तिथे पट्ट्यावर बायका काम करतात, बहुतेक विक्रमगडकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या. त्यानंतरच्या थंडीत जितेश तिकडे दुरुस्तीला गेला तेव्हा सर त्याच्याबरोबर गेले होते. पुढे उन्हाळ्यात मला जायचं होतं. सर म्हणाले, “मीही येतो,” आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. पिशवी मांडीवर घेऊन, शाळेत निघाल्यासारखे.

पट्ट्याच्या टोकाला तानी नावाची बाई उभी होती. तिने सरांना ओळखलं.

“सायेब, तुमी बोललेला ता नाय झाला अजून,” ती म्हणाली. तक्रार नव्हती. साहेबलोक बोलतात आणि होत नाही, याची तिला सवय असावी.

“काय गं?”

“बाटली अडकली का यात इंग्रजी लिवून येतं. आमाला कळत नाय. फिटर येई तवर उभा राहावा लागतो, वर सुपरवायझर बोलतो. तुमी बोललात, आमच्या बोलीत लिवून देतो. माझ्याकडनं बोलवून पन घेतलात, कसा लिवायचा ता.”

सरांचा चेहरा उजळला. आठवलं त्यांना. त्या दिवसांत त्यांना काही आठवलं की चेहऱ्यावर लगेच दिसायचं.

“केलंय मी ते. ‘बाटली अडकलीय. आदी लाल बटन दाबा, मंग हात घाला.’ हेच ना?”

“हाच.”

“मग केलंय.”

तानीने एक बाटली आडवी धरली. पट्टा थांबला. स्क्रीनवर इंग्रजीत दोन शब्द आणि एक आकडा आला, वर्षानुवर्षं येत होता तोच. सर त्या स्क्रीनकडे बघत राहिले. मी तानीला काहीबाही सांगितलं आणि त्यांना घेऊन निघाले.

ऑफिसात आल्यावर त्यांनी आपलं खोड उघडलं आणि मला हाक मारली.

“हे बघ. तानीबाईंचं वाक्य. खाली माझं नाव. मी खोडात घेतलंय. आणि खोडात असतं ते मशीनमध्ये असतं.”

“मशीनमध्ये भरायचं राहिलं असेल, सर.”

“जितेशने मागच्या महिन्यात त्या मशीनमध्ये प्रोग्रॅम नव्याने भरलाय. तूच मला सांगितलंस, इथे उभी राहून.” ते बरोबर बोलत होते. हा आजार असाच दुष्ट आहे, नको ते नको त्या वेळी नीट आठवू देतो. “मग एकच अर्थ होतो,” सर म्हणाले. प्रोग्रॅममधली चूक शोधताना लावायचे तोच आवाज त्यांनी लावला होता. “मला जे दिसतंय ते इथे नाही.”

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

“तुला दिसतंय का गं? इथे काही लिहिलंय?”

“दिसतंय, सर.”

“माझं मन राखायला म्हणू नकोस.”

मग त्यांनी फोन उचलला आणि वहिनींना लावला. “पुष्पा, उद्यापासून डबा करू नकोस,” ते म्हणाले. “नाही, बरं आहे मला. पण आता नसलेलं दिसायला लागलंय. उगाच कुणाचा हात जायचा माझ्यामुळे.”

मी तिथेच उभी होते. ते विसरत होते, ते त्यांनाही ठाऊक होतं. पण जे आठवतंय ते खरं आहे, एवढा एक भरवसा त्यांच्यापाशी उरला होता. तोही आम्ही काढून घेतला होता, त्यांना जपायच्या नावाखाली. रडायला येत होतं, पण रडले असते तर तेसुद्धा त्यांना नसलेलंच वाटलं असतं.

“सर, मी एक बदल केलाय,” मी म्हणाले. “तो तुम्हाला सांगायचा राहिला.”

त्यांनी फोन ठेवला आणि सवयीने माझ्याकडे वळले. मी सरळ उभी राहिले.

“काय बदललंस?”

मी सांगितलं. खोड कधी हलवलं, नवं कुठे आहे, मशीनमध्ये कुठलं जातं, वहिनी कशासाठी येऊन गेल्या आणि संध्याकाळी आम्ही इथे उभे राहून काय करतो, सगळं. ते ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

“आणि का?”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

“हे कारण नाही. ही तुमची सोय झाली. कारण सांग.”

माझी बोबडी वळली. इतक्या वर्षांनी, पुन्हा त्याच टेबलापाशी.

“तुमच्या हातून चुका होत होत्या, सर. मशीनं बंद पडली. पुढे कुणाला इजा झाली असती.”

“हं,” सर म्हणाले. “हे कारण.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “म्हणजे तानीबाईंचं मी केलं होतं.”

“केलं होतं, सर. तुमचं काही चुकलं नाही. आम्ही बघितलं नाही.”

“बरं झालं.” त्यांनी खुर्चीच्या पाठीला मान टेकवली. “कारण बरोबर आहे तुझं. पण मला सांगितलं असतं, तर खोड मीच दिलं असतं तुझ्याकडे. माझ्या हाताने दिलं असतं.”

जरा वेळाने त्यांनी पुन्हा फोन लावला. “पुष्पा, डबा कर,” ते म्हणाले. ठेवल्यावर मला म्हणाले, “मला कळलंय हे तिला सांगू नकोस. तिला वाटेल तिचं चुकलं.”

दुसऱ्या दिवशी ते आले. संध्याकाळी आम्ही टेबलाशी उभे राहिलो आणि त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. माझी पाळी आली तेव्हा जरासे हसले. मला वाटलं, सुटले मी.

पण पुढच्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. खोड उघडलेलं होतं, बोट त्याच ओळीवर. “ज्ञानेश्वरी, तानीबाईंचं हे वाक्य मी घेतलंय ना? मग त्यांच्या मशीनमध्ये का नाही?” मी सांगितलेलं सगळं पुसून गेलं होतं, आणि कारखान्यातला तो स्क्रीन तेवढा मनात राहिला होता. मी पुन्हा उभी राहिले, पुन्हा सांगितलं. पुन्हा त्यांनी चष्मा काढला, आणि पुन्हा म्हणाले, “माझ्या हाताने दिलं असतं.” पहिल्यांदा ऐकल्यासारखं लागलं त्यांना ते, आणि त्यांना ते पहिल्यांदाच होतं.

तिसऱ्यांदा सांगायची वेळ येऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं. ते वाक्य मशीनमध्ये गेलं की प्रश्नच मिटला. मग त्यांनी विचारलं की नुसतं ‘आहे’ म्हणायचं.

“दोन ओळी तर आहेत. उचलून टाक आपल्यात,” जितेश म्हणाला.

“माझ्या नावाने जाईल ते.”

“गेलं तर काय?”

“मग केलं कुणी?” मी त्याच्यावर खेकसले. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

मला ते सरांच्या फांदीतूनच, सरांच्या नावासकट आणायचं होतं. तोवर ‘मेन’मधला स्क्रीनचा भाग आम्ही सगळाच नव्याने लिहिला होता, त्यामुळे त्यांची ओळ कुठेच बसेना. त्यांचं खोड मी वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. बहुतेक आमचंच होतं, आमच्याच कामाच्या प्रती. काही ठिकाणी त्यांनी अर्धवट काहीतरी लिहून सोडलं होतं, तेच तेच. ते वाचवत नव्हतं. आणि मधेच एखादी ओळ अशी नीट, स्वच्छ, की जुने सर समोर उभे राहावेत. तेवढं सगळं वेचून मी ‘मेन’मध्ये आणलं, एकेक ओळ जुळवत. मारुतीरावांना दाखवलं. त्यांना कळलं काही नाही, पण नाव वाचता आलं.

कारखान्याने सांगितलं, मशीनला हात लावायचा तो दिवाळीच्या बंदीतच, कारखाना बंद असताना. थांबण्याशिवाय इलाज नव्हता. आणि आजार काही कुणाच्या बंदीसाठी थांबत नाही. पावसाळ्यात सर बोईसरला उतरायचं विसरले आणि पुढे वाणगावच्या फलाटावर बसून राहिले. तिकीट तपासनिसाने डब्यावरचं नाव आणि नंबर वाचून फोन केला. वहिनींनी त्यानंतर त्यांना एकटं सोडलं नाही. दसऱ्याला ते ऑफिसात आले ते शेवटचे. सगळ्यांना सोनं दिलं, माझ्या हातात आपट्याची पानं ठेवताना विचारलं, “तुम्ही इथेच असता का?”

दिवाळीत जितेशने मशीन भरलं. कारखाना सुरू झाल्यावर मी मारुतीरावांकडून गाडी मागून घेतली आणि सरांना, वहिनींना घेऊन गेले. वहिनी म्हणाल्या, “कशाला गं, त्यांना काय कळणार?” पण त्यांनी सरांना इस्त्रीचा शर्ट घातला होता.

तानी वाटच बघत होती. “सायेब, झाला हो तुमचा,” ती म्हणाली. सर तिच्याकडे बघून हसले, कुणाकडेही बघून हसायचे तसे. तिने बाटली आडवी धरली. पट्टा थांबला आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत वाक्य आलं.

सरांनी ते मोठ्याने वाचलं. “बाटली अडकलीय. आदी लाल बटन दाबा, मंग हात घाला.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कुणी लिहिलंय?”

तानी माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

“आमच्यातल्याच एकाने, सर.”

“का लिहिलं, ते सांगितलं का त्याने?”

मी नकळत सरळ उभी राहिले. “या बायकांना इंग्रजी कळत नव्हतं. फिटर येईपर्यंत खोळंबा व्हायचा, वर बोलणी खावी लागायची. म्हणून त्याने यांनाच विचारून यांच्या बोलीत लिहिलं.”

“हं. हे कारण.” सरांनी समाधानाने मान हलवली. “नाव काय त्याचं?”

“कैलास.”

“अरे वा,” सर वहिनींकडे बघून म्हणाले. “माझ्या नावाचा आहे.”

वहिनींनी त्यांचा हात धरला आणि खाली जमिनीकडे बघत राहिल्या. सर पुन्हा माझ्याकडे वळले. क्षणभर त्यांचा आवाज अगदी पूर्वीसारखा झाला.

“खोड त्याच्याकडे द्या. तुमच्यापैकी कुणाकडे नको. आणि गुपचूप नका ठेवू, त्याला सांगून द्या.”

“सांगते, सर,” मी म्हणाले.

तानीने लाल बटण दाबलं, मग हात घालून अडकलेली बाटली काढली, आणि पट्टा पुन्हा चालू झाला.